बंद करेपर्यंत

टेबलावर ठेवलेला फोन हलत नाही, पण नकाशावरचा त्याचा ठिपका हलतो. मी घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटांत तो माझ्या खोलीतून जिन्यात गेला, तिथून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळला आणि काही झालंच नाही अशा थाटात परत आला. तेवढ्या वेळात मी खुर्चीवरून उठलेही नव्हते. ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ असतं, कधी लहान, कधी रस्ता ओलांडून पलीकडे पसरलेलं. फोन त्यातून सांगत असतो की मी या वर्तुळात कुठेतरी आहे, याहून नेमकं विचारू नका. हा प्रामाणिकपणा मला आवडला. मी तापमापक तपासते. गेली एकोणतीस वर्षं इस्पितळांचे, शीतगृहांचे, औषधांच्या कारखान्यांचे तापमापक माझ्या टेबलावर येतात. मी ते वितळत्या बर्फाच्या भांड्यात उभे करते, वीस मिनिटं थांबते, भिंगातून वाचते आणि दाखल्यावर लिहिते की हा तापमापक इतका इतका चुकतो. त्याच्या खालच्या ओळीत माझं स्वतःचं वाचन किती चुकलेलं असू शकतं, तेही लिहावं लागतं. त्या ओळीला अनिश्चितता म्हणतात. ती नसेल तर दाखला रद्दीत जातो. माणसांच्या बोलण्याखाली अशी एक ओळ असती तर पुष्कळ भांडणं टळली असती, असं मला तरुणपणी वाटायचं. आता वाटतं, निदान भांडणं तरी व्हायला हवी होती.

ठिपक्याकडे बघत बसायची ही सवय मला लागली ती एका प्रशिक्षणामुळे. त्या मंगळवारी आम्हा सव्वीस जणांना जेवणानंतर सभागृहात बसवलं होतं. शिकवायला आलेली मुलगी पंचविशीची होती, आवाज स्वच्छ, प्रत्येक वाक्य संपल्यावर किंचित हसायची. ती म्हणाली, घराला कुलूप लावल्यावर आपण ते दोनदा ओढून बघतो, आणि खिशातलं हे दार मात्र सताड उघडं ठेवून गावभर फिरतो. मग तिनं सगळ्यांना फोन काढायला लावले. हे उघडा, ते दाबा, आता बघा, तुम्ही कुठे आहात हे कोणाकोणाला दिसतं. पहिल्या रांगेत बसून झोपायचा ज्यांचा नेम आहे ते आमचे भांडारवाले जागे होऊन म्हणाले, माझ्यावर फक्त बायको नजर ठेवते मॅडम, आणि आता तिलाही कंटाळा आलाय. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला माझ्या पडद्यावरच्या ओळी दिसल्या. तुमचं ठिकाण एका व्यक्तीला दिसतं. त्याखाली, घर. त्याखाली बारीक अक्षरांत मुदत लिहिली होती, तुम्ही बंद करेपर्यंत.

घर म्हणजे माझा नवरा. मी पहिला फोन घेतला तेव्हा त्याचा नंबर त्या नावानं साठवला होता. चार वर्षांपूर्वी त्याचं घर सोडून मी या दीड खोलीत आले, तेव्हा ते नाव बदलायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते, पण त्या वर्षी मी पत्ता बदलला, बँकेत, कचेरीत, वाचनालयात अर्ज भरले, गॅसची जोडणी बदलली. मी गोष्टी राहू देणारी बाई नाही. आम्ही घटस्फोट घेतला नाही, कोणी मागितलाच नाही. आणि हे ठिपक्याचं? ते त्यानंच करून दिलं होतं. मला तेव्हा परगावच्या कारखान्यांत जाऊन यंत्रं तपासावी लागत, परतीच्या गाडीला उशीर व्हायचा आणि तो स्थानकावर न्यायला यायचा. एकदा तासभर ताटकळल्यावर त्यानं माझा फोन घेतला, त्याच्या आणि माझ्या दोन्ही फोनांवर काहीतरी दाबलं, आणि म्हणाला, आता तुला विचारायला नको. मला ते वाक्य तेव्हा काळजीचं वाटलं होतं. काळजीचं होतंही.

शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, कोणाला काही अनोळखी सापडलं का. मी हात वर केला नाही. अनोळखी काही नव्हतं. ती पुढे म्हणाली की आपल्याला न सांगता कोणी आपल्याला बघतंय हे कळलं की माणसाला भीती वाटली पाहिजे, ती निरोगी भीती आहे. मी तिचं वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण मला जे वाटलं होतं ती भीती नव्हती. पोटात काहीतरी ऊन ऊन पसरलं होतं. आमच्या इमारतीच्या रखवालदाराकडे एक वही असते, कोणाकडे कोण आलं ते लिहायची. मी कधी पाकीट घ्यायला थांबले की ती वाचते. माझ्या खोलीच्या नंबरापुढे नळवाला, गॅसवाला आणि एकदा चुकून आलेला कोणीतरी. दुकानात माझा नंबर विचारतात, फोन माझी पावलं मोजतो, कोणत्या गोळ्या मी परत परत घेते ते औषधांच्या दुकानातल्या संगणकाला ठाऊक आहे. एवढ्या सगळ्यांना माझ्याबद्दल माहिती आहे आणि त्यातल्या कोणालाही मी ठाऊक नाही. त्या यादीत मला अचानक एक माणूस सापडला होता.

ऊब ओसरायला संध्याकाळ लागली. घरी येऊन मी चहा ठेवला, आणि पाणी उकळायच्या आत मला शेवटचा थांबा आठवला. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कामावरून येताना मला बसमध्ये झोप लागली आणि मी थेट शेवटच्या थांब्यावर जागी झाले. तिथे एक पेट्रोलपंप होता, बांधकामाच्या वाळूचे ढीग होते, आणि परतीची बस पाऊण तासानं होती. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. हे मी कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि संध्याकाळच्या वेळी एक पोक्त बाई चुकीच्या ठिकाणी बसून आहे हे सांगायचं तरी कोणाला. घरी पोचून कुलूप काढत होते तोच त्याचा फोन आला. पाच महिन्यांनी. बरी आहेस ना, त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो. त्यानं सांगितलं की गॅलरीतल्या कुंड्या त्यानं शेजारी देऊन टाकल्या. मी म्हटलं, बरं केलंस. बस्स. फोन ठेवल्यावर मी चपला न काढता कितीतरी वेळ कॉटवर बसून होते. मला वाटलं होतं, याला कळतं. एवढं सगळं होऊनही, इतक्या अंतरावरून, माझं काही बिनसलं की त्याला आपोआप कळतं. मी आयुष्यभर पुराव्याशिवाय काही मानलं नाही. लोक ताईत बांधतात, पत्रिका बघतात, तेव्हा मी गप्प बसते पण मनात हसते. ही एक गोष्ट मात्र मी मानली होती. पुरावा मागितला नव्हता, कोणाला बोलून दाखवली नव्हती. कामावरून येताना ती मला पुरायची.

चहा उतू गेला. मी शेगडी पुसली, वही काढली आणि त्याचे फोन आठवून लिहिले. चार वर्षांत सात. इस्पितळात माझी एक गाठ तपासली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आई गेली तेव्हा मी भावाकडे होते, तिथे. शेवटचा थांबा. परगावच्या एका कारखान्यात मुक्काम वाढला तेव्हा. आणि तीन असे की ज्यांचं काही कारण मला सापडेना, त्या दिवशी मी बहुधा नेहमीच्या रस्त्यानं घरी आले असेन. सातातले चार. आईचं त्याला त्याच्या बहिणीकडून कळलं असेल. म्हणजे सातातले तीन. यावरून तो ठिपका बघून फोन करत होता, असं सिद्ध होत नव्हतं. घडून गेलेल्या गोष्टी मागून जुळवायला बसलं तर हव्या तशा जुळतात, आधी भाकीत करावं लागतं आणि मग थांबावं लागतं. पण हे कळत असूनही मी ती वही मिटून ठेवू शकले नाही, कारण महिनाअखेर जवळ आली होती.

महिनाअखेरीचं असं होतं. त्याच्या निवृत्तीला वर्ष झालं होतं आणि तो हे शहर सोडून बहिणीच्या गावी राहायला चालला होता. तिच्या घरामागच्या इमारतीत जागा होती. त्यानं मला निरोप लिहिला होता, त्याच्या मानानं लांबलचक. तू येणार असशील तर दोन खोल्यांची बघतो, नाहीतर मला एक पुरे. आपण दोघंही एकटे आहोत, आता वेगळं कशाला. आणि यायचं नसेल तर एकदा कागद करून मोकळे होऊ, तू म्हणशील तसं. मी उत्तर दिलं होतं, बघते. पंधरा दिवसांनी त्यानं विचारलं, मी पुन्हा, बघते. तिसऱ्यांदाही तेच. जागेच्या मालकाला महिनाअखेरीपर्यंत सांगायचं होतं. वन्सं दर रविवारी फोन करत. त्यांची सुरुवात ठरलेली, "कुठे आहेस गं?" मी म्हणणार, घरीच. मग त्या विचारणार, "काय ठरलं तुमचं?" मी म्हणणार, बघते. मागच्या रविवारी त्या म्हणाल्या, "तुझं बघणं संपेपर्यंत आम्ही सगळे वर जाऊ. अगं, दोन खोल्या की एक, एवढंच तर सांगायचंय." त्या हसत होत्या, पण नंतर आवाज खाली आणून म्हणाल्या की त्याला आता एकटं राहायला नको, आणि तुलाही नको. मला त्यांचा राग येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यादेखत मी त्याला अरे म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही कॉलेजात एकाच बाकावर बसून प्रयोग केलेले, अहो कुठून येणार. पण कोणी नावं ठेवली की त्याच माझी बाजू घ्यायच्या.

त्या अरे-तुरेनं मला फसवलं असं कधी कधी वाटतं. इतकी जवळीक बोलण्यात होती की बोलायचं काही उरलंय हे ध्यानात यायचं नाही. तो वाईट माणूस नव्हता. आवाज चढवला नाही, कधी काही लादलं नाही. फक्त तो विचारायचा नाही. मी कुठे गेले होते हे त्याला माझ्या पर्समधल्या तिकिटावरून कळायचं, कचेरीत काय झालं ते मी चपला कशा काढल्या त्यावरून. माझी पत्रं तो वाचायचा आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवायचा, लपवून नव्हे, टेबलावरच, जणू वर्तमानपत्र. सुरुवातीला मला त्याचं कौतुक होतं. मैत्रिणी नवऱ्यांच्या चौकशांना वैतागलेल्या असायच्या, आणि मी सांगायचे की आमच्याकडे चौकशी नाही. एका वर्षी मला दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. ते मी पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं, त्यानं नुसतं विचारलं की काय गं, हल्ली गप्प का, तर सांगेन. रोज संध्याकाळी मी ते पत्र घेऊन घरी यायचे, रोज सकाळी घेऊन जायचे. कळवायची तारीख आली आणि गेली. मी सांगितलं नाही. हे मी नीट लिहिते, कारण दोष वाटताना मी नेहमी त्याच्या पारड्यात जास्त टाकते. तोंड मलाही होतं.

पुढे चौदा वर्षांनी घरी त्याचे मित्र आले होते. कोणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं, आणि तो सहज, बिस्किटाचा तुकडा मोडता मोडता म्हणाला की हिला मागे फार मोठ्या ठिकाणी बोलावलं होतं, पण हीच नाही गेली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्याच्या आवाजात अभिमान होता, तो खरा होता. त्याला ठाऊक होतं. त्या सगळ्या संध्याकाळी, पर्स खुंटीला असताना, त्याला ठाऊक होतं, आणि मी विचारण्याची वाट बघत होते. पाहुणे गेल्यावर मी त्याला काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून मला घरात हवा कमी पडायला लागली आणि दोन वर्षांनी मी निघाले. तेव्हाही, का निघालीस, हे त्यानं विचारलं नाही. सामान खाली नेऊन दिलं. टेम्पोवाल्याला म्हणाला, काचेचं आहे, हळू.

मी ते ठिकाण दाखवणं बंद करू शकले असते. एक बोट, दोन सेकंद. प्रशिक्षणातल्या मुलीनं सगळ्यांकडून करून घेतलं होतं, मीही केल्यासारखं दाखवलं. त्याऐवजी त्या रात्री मी त्याचा ठिपका उघडला, कारण दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं आणि चार वर्षांत मी एकदाही पलीकडे डोकावले नव्हते. तो घरी होता. मग बुधवारी सकाळी उघडला, बागेत होता, तळ्याच्या कडेनं फिकट वर्तुळ सरकत होतं. गुरुवारी वाचनालय. शुक्रवारी डोळ्यांचा दवाखाना, दीड तास. मला हे भलतंच सोपं गेलं. बर्फ फोडताना, दाखल्यावर सही करताना मी मध्येच एक नजर टाकायचे, आहे, घरी आहे, बरं. सोमवारी तो पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात. मी फोन करायला नंबरावर बोट नेलं, पण दुपारी ठिपका वाचनालयात दिसला, म्हणजे वाचता येतंय, म्हणजे फार काही नाही. मी फोन केला नाही. गरज उरली नव्हती. बोट मागे घेतलं आणि तेव्हा मला आतून कळलं की तो इतकी वर्षं कसा राहत होता. एकदा ठाऊक झालं की विचारावंसं वाटत नाही, इतकं साधं आहे ते. त्यात खोटेपणा नाही, क्रूरपणाही नाही. ऊब आहे, आणि ती ऊब घेणाऱ्याला एकट्याला मिळते. तापमापक पुरेसा खोल बुडवला नाही तर तो भांड्यातलं पाणीही मोजतो आणि खोलीतली हवाही, आणि मधलाच एक आकडा ठामपणे दाखवतो. नवीन मुलं तो आकडा खरा मानून लिहून टाकतात. मी त्यांना ओरडते.

भाकीत मी पुढच्या शुक्रवारी लिहिलं. शनिवारी मी कधी जात नाही अशा जागी जाईन, दोन तास थांबेन. तो बघत असेल तर फोन येईल. नाही आला तर मी त्याच्यावर अन्याय केला असं समजेन, आणि शेवटच्या थांब्याची गोष्ट मला परत मिळेल. कोणतं उत्तर हवंय ते मी लिहिलं नाही, प्रयोगाच्या वहीत ते लिहायचं नसतं. जागा मी इस्पितळ निवडली. त्याला घाबरवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं, पण बाग किंवा चित्रपटगृह निवडलं नाही हेही खरं.

इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात लोखंडी खुर्च्यांच्या आठ रांगा होत्या. मी सहावीत, खांबाजवळ बसले. खिडकीवरच्या बाईनं नंबर हवा का विचारलं, मी म्हटलं, कोणाची तरी वाट बघतेय. शेजारी एक माझ्याच वयाची बाई मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दहा मिनिटं तग धरला. मग विचारलं, "तुमचं कोण आत आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग तुम्हालाच दाखवायचंय?" मी म्हटलं, नाही. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. मला हसू आलं. नंतर तिलाच राहवलं नाही, तिनं सांगितलं की तिच्या धाकट्या जावेला आत नेलंय, पोटात दुखतंय, आणि घरातून निघाल्यापासून जाऊ पंचवीस वेळा म्हणालीय की काही नाही झालंय मला. विचारून विचारून माझं तोंड दुखलं, ती म्हणाली, पण विचारायला तर हवं ना. तिच्या फोनवर दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारत होतं, कुठे आहात, नंबर लागला का, डॉक्टर आले का. ती प्रत्येकाला तेच उत्तर पहिल्यांदाच देत असल्यासारखं देत होती. त्या जावेचा मला हेवा वाटला. छताचा पंखा फिरताना दर फेरीला एकदा कुरकुरत होता. मी फेऱ्या मोजल्या, मिनिटाला एकशे अठ्ठावीस. सव्वा अकरा झाले, पावणेबारा झाले. मी फोन मांडीवर उताणा ठेवला होता. एक तास दहा मिनिटं झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की फोन आला नाही याचा मला आनंद होत नाहीये.

बारा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर उमटलं, घर.

"बरी आहेस ना?" तो म्हणाला.

मी म्हटलं, हो. त्यानं सांगितलं की पुस्तकांची खोकी भरून झाली, जुनी मासिकं द्यायची की न्यायची ते ठरत नाही. मी म्हटलं, बघ. त्यानं सांगितलं की त्याच्याकडे दोन दिवस पाण्याला दाब नव्हता, आज आला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाक्यांमधली अंतरं मोठी होती, आणि त्या अंतरांत तो ऐकत होता. तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा कर्णा बोलला, चौऱ्याहत्तर, खोली क्रमांक तीन, चौऱ्याहत्तर. एवढ्या मोठ्यानं की शेजारची बाई दचकली. तो आवाज त्याच्या कानात गेला असणार. मी थांबले. आता तो विचारेल. जगातला कोणीही माणूस विचारेल. कुठे आहेस, हा कसला आवाज? भाजीवाला विचारतो, वन्सं विचारतात, चुकीचा नंबर लागलेले लोकसुद्धा विचारतात. तो खाकरला. मग म्हणाला, "उन्हाची फिरू नकोस फार."

मी मनात मागचे सातही फोन पुन्हा ऐकले. एकातही तो प्रश्न नव्हता. चार वर्षं मी ही सभ्यता समजत आले होते. आपण वेगळे झालो आहोत, आता बायको कुठे आहे हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं तो समजतो, असं मी समजले होते, आणि त्यासाठी मनोमन त्याला मानत होते.

"डोळ्यांचं काय म्हणाले?" मी विचारलं.

मग तो म्हणाला, "ताईनं सांगितलं?"

"ताईंना तरी तू सांगितलंयस का?"

"नाही," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"अकरा दिवस. तू?"

"पहिल्यापासून."

शेजारच्या बाईची जाऊ बाहेर आली होती, पोटावर हात धरून, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी उठून खांबामागे गेले. तो बोलत होता. असा सलग तो मी कधी ऐकला नव्हता. म्हणाला, बंद करायचं दरवेळी ठरवायचो. वाईट हेतू नव्हता. संध्याकाळी तू निघालीस की दिसायचं, पुलावर गर्दी असली की तिथे अडकायचीस. तू घरी पोचलीस की मग मी पान वाढून घ्यायचो. एकदा तू कुठे लांबच गेलीस, एका जागी पाऊण तास बसून होतीस, आजूबाजूला काही नाही, नकाशावर नुसतं पांढरं. मी बूट घातले होते. तेवढ्यात तू निघालीस.

तो बूट घालून दारात उभा राहिला होता. मी वाळूच्या ढिगाशेजारी पायरीवर बसले होते. मी खांबाला टेकले, त्याचा थंडावा पाठीला लागला. मला यावेळी रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं. मी नीट विचार करायचा प्रयत्न केला. चार वर्षं हा माणूस रोज माझ्याबरोबर जेवत होता. आणि मी रोज एकटी जेवत होते. एकाच वेळी, एकाच जेवणाची ही दोन वाचनं, आणि दोन्ही बरोबर. दोन खोल्यांत गेलो तर तो मला चपलांच्या आवाजावरून वाचेल, मी त्याला औषधांच्या पाकिटांवरून वाचेन, आता मलाही ते येतं. आमचं कधी भांडण होणार नाही. आम्हाला एकमेकांबद्दल सगळं ठाऊक असेल.

"मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात करू म्हणालेत. साधंच असतं." मग मला त्याचा श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा. "तू काय ठरवलंस?"

चौऱ्याहत्तर नंबरचं माणूस अजून आलं नव्हतं, कर्णा पुन्हा तेच सांगत होता. मी त्याचं संपू दिलं.

"ऑपरेशनच्या दिवशी मी येईन," मी म्हटलं. "तारीख मला तू सांगायची, तोंडानं. दुपारभर थांबेन, थेंब घालेन. पण राहायला मी येणार नाही. एकाच खोलीची जागा बघ."